यंत्राचा शेवटचा निरोप

जर्मनीच्या अगदी दक्षिणेला बोडेनसे नावाचं मोठं सरोवर आहे. उत्तरेच्या काठावर जर्मनी, समोर स्वित्झर्लंड आणि पूर्वेच्या टोकाला ऑस्ट्रिया. जर्मन काठावर सफरचंदाच्या बागा, द्राक्षाचे मळे आणि त्यांच्या मधोमध उल्डिंगेन-म्युलहोफेन नावाचं छोटं गाव. प्रवासी इथे येतात ते पाण्यात खांबांवर उभी केलेली लाकडी घरं बघायला. अश्मयुगात आणि कांस्ययुगात या काठावर माणसं अशा घरांत राहायची. तळ्याच्या गाळात खांबांचे बुंधे आणि भांडी सापडली, त्यावरून अभ्यासकांनी ती घरं पुन्हा उभी केली. १९२२ पासून तिथे संग्रहालय आहे. माणसं गेली, पण गाळात जे उरलं त्यावरून त्यांची कहाणी कळली.

याच गावात लिनुट्रॉनिक्स नावाची एक सॉफ्टवेअर कंपनी आहे आणि आजचा लेख तिच्या एका कामाबद्दल आहे. विषय ऐकायला अगदी रुक्ष आहे: ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलने लिहिलेला मजकूर कन्सोलवर खात्रीने बाहेर कसा काढायचा? मंडळी, एवढ्यावर पळू नका. या साध्या प्रश्नापायी जगातली उत्तमोत्तम डोकी वर्षानुवर्षं अडून बसली होती. आणि त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे: मरणाऱ्याने शेवटचा निरोप द्यायचा कसा, आणि तो पोचवायचा कोणी?

आधी थोडी तोंडओळख. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क या सगळ्यांवर त्याचा हुकूम चालतो. लिनक्सचा कर्नल काय काय घडतंय ते अधूनमधून एकेका ओळीत सांगत असतो. डिस्क सापडली, नेटवर्कची केबल निघाली, मेमरी संपली, वगैरे. हे सांगण्यासाठी त्याच्याकडे 'प्रिंट-के' नावाचं एक फंक्शन आहे. त्यातला 'के' कर्नलचा. ओळ आधी मेमरीतल्या एका वहीत उतरते. या वहीला बफर म्हणतात. तिथून ती कन्सोलवर जाते. कन्सोल म्हणजे एखादा पडदा, किंवा कारखान्यात आणि प्रयोगशाळेत असते तशी साधी सिरियल केबल, जिच्या दुसऱ्या टोकाला वेगळा संगणक ऐकत बसलेला असतो. वहीत साठलेलं बाहेर ढकलून वही रिकामी करण्याला फ्लश करणं म्हणतात. (हो, तोच शब्द. साखळी ओढली तरी पाणी आलंच नाही, हा अनुभव इथेही येतो.)

आता यातली मेख बघा. यंत्र सुरळीत चालू असताना ओळ दोन सेकंद उशिरा बाहेर पडली तरी कोणाचं काही बिघडत नाही. पण कर्नल कोसळतो तेव्हा (याला पॅनिक म्हणतात) शेवटच्या चार ओळींतच कारण लिहिलेलं असतं. त्या वहीतच राहिल्या आणि कोणीतरी येऊन यंत्र बंद-चालू केलं, की बहुतेक वेळा वही कोरी. यंत्र परत सुरू होतं, पण का पडलं ते कधीच कळत नाही, आणि म्हणून ते पुन्हा पडतं.

माझ्या डॉक्टरेटच्या काळात एका चाचणीच्या यंत्राने आम्हाला हा धडा दिला होता. ते रात्री-अपरात्री थांबायचं. सकाळी केबलच्या दुसऱ्या टोकाला बघावं तर शेवटची ओळ अर्ध्या शब्दावर तुटलेली. त्या अर्ध्या शब्दाचा उरलेला अर्धा काय असेल यावर आम्ही तीन आठवडे तर्क लढवत होतो. अपघातातल्या माणसाने "मला ढकललं ते..." एवढंच बोलून डोळे मिटावेत, तसा प्रकार.

या गोष्टीची सुरुवात १९९१ ची. लिनस टोरवाल्ड्सने हेलसिंकीत लिनक्स लिहिला तेव्हा पहिल्याच आवृत्तीत प्रिंट-के होतं. तेव्हा एकच प्रोसेसर, एकच पडदा. कर्नलने ओळ म्हटली की ती पडद्यावर उमटायची आणि मगच कर्नल पुढच्या कामाला लागायचा. बोलणारा आणि पोचवणारा एकच, त्यामुळे निरोप हरवायचा प्रश्नच नव्हता.

१९९६ च्या २.० आवृत्तीपासून लिनक्स एकापेक्षा जास्त प्रोसेसरांवर चालू लागला आणि गडबड सुरू झाली. दोघं एकाच वेळी बोलले तर अक्षरांची खिचडी होणार. म्हणून कुलूप आलं: कन्सोल एका वेळी एकाचाच. पण मग बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत ताटकळत बसायचं का? २००१ साली अँड्र्यू मॉर्टनने यावर तोडगा काढला. तो समजायला आपल्या गणपती मंडळाचा मांडव डोळ्यांसमोर आणा. टेबलावर देणगीदारांची वही आहे. ज्याला नाव पुकारून घ्यायचंय त्याने वहीत लिहावं. माईक मोकळा असेल तर उचलून आपलं नाव वाचावं. माईक दुसऱ्याच्या हातात असेल तर नाव लिहून खुशाल घरी जावं. ज्याच्या हातात माईक आहे तो वहीतली सगळी नावं वाचेल.

किती छान! फक्त ज्याच्या हातात माईक आला त्याचा विचार करा. तो बिचारा स्वतःचं एक नाव वाचायला आला होता. पण वाचेपर्यंत मागून दहाजण लिहून जातात, ती वाचेपर्यंत आणखी वीस. वही संपत नाही, माईक सोडता येत नाही, आणि घरी गॅसवर दूध ठेवलंय.

हे गॅसवरचं दूध म्हणजे नेमकं काय ते आकड्यांत बघू. सिरियल केबलचा नेहमीचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट्स. एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट्स लागतात, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरं. ८० अक्षरांची एक ओळ बाहेर पडायला जवळजवळ ७ मिलिसेकंद. आपल्याला हे क्षुल्लक वाटतं, पण ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची तेवढ्यात दोन कोटींहून जास्त टिक-टिक होते. आणि हा प्रोसेसर जर दर मिलिसेकंदाला एखाद्या यंत्राच्या हाताला पुढची दिशा सांगत असेल, तर एका ओळीपायी त्याच्या सात पाळ्या चुकल्या. शंभर ओळी असतील तर पाऊण सेकंदाच्या आसपास तो हात वाऱ्यावर. कधी कधी तर असं व्हायचं की प्रोसेसर अडकला हे बघून पहारेकरी प्रोग्रॅम ओरडायचा, आणि त्याचं ओरडणंही त्याच वहीत आणखी काही ओळी वाढवायचं!

इथे जर्मनीचा संबंध येतो. हा देश यंत्र बनवणाऱ्या यंत्रांचा. लेथ, छपाईची यंत्रं, वेल्डिंगचे रोबो यांचे कारखाने दक्षिण जर्मनीत गावोगाव आहेत, आणि त्यांच्या नियंत्रकांना लागते ती 'रिअल-टाइम' ऑपरेटिंग सिस्टिम. रिअल-टाइम म्हणजे वेगवान असा समज आहे, तो चुकीचा. रिअल-टाइम म्हणजे दिलेली वेळ पाळणारी. सरासरीने नव्हे, प्रत्येक वेळी. नव्याण्णव वेळा वेळेवर आली आणि शंभराव्या वेळी उशिरा, तर त्या शंभराव्या वेळी कोणाचा तरी हात कापला जाऊ शकतो.

२००४ च्या सुमाराला हंगेरीचा इंगो मोल्नार आणि जर्मनीचा थॉमस ग्लाइक्सनर यांच्यासह काही जणांनी लिनक्सलाच रिअल-टाइम करायचं काम हाती घेतलं. या पॅचसंचाचं नाव 'प्रीएम्प्ट-आरटी'. ग्लाइक्सनर म्हणजेच आपल्या बोडेनसेकाठच्या लिनुट्रॉनिक्सचा माणूस. २००६ च्या कर्नल परिषदेत टोरवाल्ड्स म्हणाला होता की लिनक्सने लेझर चालवणं हा वेडेपणा आहे, पण इथे बसलेला प्रत्येकजण आपापल्या परीने वेडाच आहे, तेव्हा वेल्डिंगचा लेझर लिनक्सने चालवायचा असेल तर खुशाल हे पॅच वापरा. थोडक्यात, चालू द्या तुमचं. जर्मन यंत्र-कारखानदारांनी मात्र ते वेड मनावर घेतलं. २००५ साली 'ओसाडल' नावाची संस्था निघाली, तीही 'गेनोसेनशाफ्ट' या रूपात, म्हणजे आपल्या भाषेत सहकारी संस्था. आपल्याकडचा १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा या जर्मन सहकाराचाच धडा गिरवून आला होता. ऊस उत्पादकांनी मिळून साखर कारखाना काढावा तसं कारखानदारांनी मिळून सामाईक सॉफ्टवेअरला हातभार लावला.

पुढच्या वर्षांत रिअल-टाइमचे एकेक तुकडे मूळ लिनक्समध्ये जात राहिले. २००६ मध्ये सूक्ष्म टायमर, २००९ मध्ये इंटरप्टसाठी वेगळे थ्रेड. यातलं बरंच काही आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही आहे. पण संपूर्ण रिअल-टाइम काही केल्या आत जाईना. शेवटी शेवटी वाटेत जो सर्वांत मोठा धोंडा उरला तो होता आपला प्रिंट-के. लेझर चालवता येत होता, पण "लेझर चालू झाला" ही ओळ बिनधोक छापता येत नव्हती!

उपाय तसा उघड होता. माईकसाठी एक पगारी माणूस नेमायचा. सगळ्यांनी वहीत लिहून निघून जायचं, वाचायचं काम त्याचं. म्हणजे कन्सोलला स्वतंत्र थ्रेड. सेर्गेई सेनोझात्स्कीने २०१६ च्या सुमाराला याच धर्तीचे पॅच पाठवलेही होते. पण दर वेळी जुने जाणते एकच हरकत घेत: यंत्रच कोसळतंय तेव्हा तुमचा पगारी माणूस उठणार आहे का? थ्रेड चालायला शेड्युलर जिवंत लागतो. तोच मेला असेल तर वही तशीच राहील. ही हरकत खोटी नव्हती. २०१८ मध्ये स्टीव्हन रोस्टेडच्या पॅचने मधला मार्ग काढला: माईकवाल्याच्या शेजारी दुसरा कोणी येऊन उभा राहिला तर माईक त्याच्या हाती द्यायचा. एकाच्या डोक्यावरचं ओझं वाटलं गेलं, पण दूध ऊतू जायचं थांबलं नाही.

म्हणजे बघा, भांडण दोन खऱ्या गरजांचं होतं. कारखान्याचा माणूस म्हणतो, बोलण्यापायी हातातलं काम थांबता कामा नये. दुरुस्तीला बसलेला माणूस म्हणतो, मरताना बोललेला एकही शब्द हरवता कामा नये. दोघंही बरोबर, आणि प्रिंट-के एकच.

फेब्रुवारी २०१९ मध्ये लिनुट्रॉनिक्सच्या जॉन ऑग्नेसने २५ पॅचेसचा एक संच मांडला आणि गाठ सोडवायला घेतली. त्याच सप्टेंबरात लिस्बनच्या परिषदेत सगळी मंडळी एका खोलीत बसली आणि दिशा ठरली. समोरच्या बाजूला प्रिंट-केची राखण करणाऱ्यांपैकी एक, सुसे कंपनीचा पेटर म्लादेक. (सुसे ही १९९२ साली जर्मनीतच सुरू झालेली लिनक्सची कंपनी.) ऑग्नेसने लिहायचं आणि म्लादेकने ओळ न् ओळ तपासायची, हे पुढे वर्षानुवर्षं चाललं.

पहिलं काम वहीचं. जुन्या वहीला कुलूप होतं, आणि कुलूप ही मरणाच्या वेळची सर्वांत वाईट गोष्ट. कुलूप लावून एखादा प्रोसेसर आतच गतप्राण झाला की बाकीचे दाराबाहेर कायमचे. नवीन वही बिनकुलुपाची केली. प्रत्येकाने आधी जागा राखायची, मग तिथे लिहायचं, मग 'झालं' अशी खूण करायची. खूण नसलेली नोंद वाचणारा ग्राह्य धरत नाही. कोणी मध्येच मेला तर त्याची नोंद अर्धवट राहते, पण पुढच्यांचं लिहिणं अडत नाही. ऐकायला सोपं, पण अनेक प्रोसेसर एकाच वेळी लिहीत असताना कोणाला काय कधी दिसतं हे सिद्ध करणं महाकठीण. ही वही डिसेंबर २०२० च्या ५.१० आवृत्तीत आली.

दुसरं काम पगारी माणसाचं. २०२२ च्या मे महिन्यात ५.१९ आवृत्तीसाठी कन्सोलचे थ्रेड मूळ लिनक्समध्ये गेले. आणि जून महिन्यात, आवृत्ती बाहेर पडायच्या आधीच, परत काढावे लागले. यंत्र बंद होतानाचा मजकूर बाहेर पडावा म्हणून ठिगळं लावणं चालू होतंच. त्यात चाचण्यांमध्ये दिसलं की कन्सोलचे वेगवेगळे ड्रायव्हर आजवर त्या जुन्या मोठ्या कुलपाच्या भरवशावर एकमेकांच्या वाटेत येत नव्हते. कोणी कुठे तसं लिहून ठेवलं नव्हतं. कुलूप काढल्यावर ते उघड झालं. म्लादेकने बदल मागे घेताना स्वच्छ लिहिलं की काम करणाऱ्यांनी आणि तपासणाऱ्यांनी या शक्यतांचा विचारच केला नव्हता. मला हे वाचताना फार बरं वाटलं. वर्षांची मेहनत मागे घ्यायची, तीही सगळ्या जगासमोर, आणि कारण आडपडदा न ठेवता सांगायचं, हे सोपं नाही.

तिसऱ्या वेळी त्यांनी प्रश्नच वेगळा मांडला. पगारी माणूस रोजच्यासाठी, पण मरणाच्या वेळचा रस्ता पूर्ण वेगळा, आणि त्या रस्त्याने दुसऱ्या कोणावरही विसंबून राहायचं नाही.

इथे मला पानिपत आठवतं. १४ जानेवारी १७६१ ला सैन्याचा निकाल लागला. नानासाहेब पेशवे मदत घेऊन उत्तरेकडे निघाले होते, पण त्यांना सैन्याची स्वतःची अशी खबर मिळेना, कारण खबर देणारी यंत्रणा सैन्याबरोबरच मोडली होती. अखेर भेलशाच्या आसपास बातमी पोचली ती एका सावकाराच्या जासुदाजवळच्या पत्रातून. सावकारी टपाल फौजेच्या जिवावर चालत नव्हतं, म्हणून ते चालू राहिलं. जे कोसळणार आहे त्याच्यावर निरोपाची वाट अवलंबून नसावी, एवढाच याचा अर्थ.

नव्या कन्सोलमध्ये हेच केलं. प्रत्येक ड्रायव्हरने दोन रस्ते द्यायचे: एक थ्रेडमधून निवांत लिहिण्याचा आणि दुसरा कुठल्याही क्षणी, कोणाचीही वाट न बघता थेट लिहिण्याचा. माईकच्या हक्काला तीन दर्जे: नेहमीचा, आणीबाणीचा आणि पॅनिकचा. वरच्या दर्जाचा आला की माईक मागतो. हातात माईक असलेला मधूनमधून बघतो, आणि सुरक्षित टप्पा आला की सोडून देतो. अक्षर अर्धवट पाठवलेलं असताना हिसकावला तर खिचडी होणार, म्हणून आधी थोडा वेळ थांबायचं. पण तो जर माईक घट्ट धरूनच मेला असेल, तर अगदी शेवटी, दुसरा कुठलाच उपाय उरला नाही की, धोका पत्करून हिसकावून घ्यायचा. आता गमावण्यासारखं काही राहिलेलंच नाही. हा क्रम वाचताना मला हॉस्पिटलच्या आयसीयूबाहेरचे नियम वाचल्यासारखं वाटलं होतं.

हे काम टप्प्याटप्प्याने आत गेलं आणि ६.१२ आवृत्तीत एका मुक्कामाला पोचलं. वाटेतला धोंडा सरला. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नात सगळे जमले असताना ग्लाइक्सनरने टोरवाल्ड्सला शेवटची विनंती ईमेलने नुसती धाडली नाही, कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात बांधून हातात दिली. १७ नोव्हेंबर २०२४ ला ६.१२ बाहेर पडली आणि २००४ च्या त्या वेडाला वीस वर्षांनी घर मिळालं. दरम्यान २०२२ मध्ये लिनुट्रॉनिक्स इंटेलने विकत घेतली होती.

काम संपलं असं मात्र नाही. कन्सोलचे ड्रायव्हर पुष्कळ आहेत, आणि ज्याचा त्याचा ड्रायव्हर नव्या पद्धतीने लिहिल्याशिवाय त्याला मरणाच्या वेळचा वेगळा रस्ता मिळत नाही. आणि केबलच तोडली, वीजच गेली, तर कुठलीही हुशारी चालत नाही. 'खात्रीने' या शब्दाचा अर्थ एवढाच: जोवर एक प्रोसेसर आणि एक तार शाबूत आहे, तोवर निरोप दुसऱ्या कोणाच्या चुकीमुळे अडकणार नाही. हे वचन लहान वाटेल, पण ते खरं ठरेल असं करायला इतकी वर्षं लागली.

विमानात सीटमागच्या पडद्यावर कधी कधी सिनेमाऐवजी काळ्या रंगावर पांढऱ्या ओळी भराभर सरकताना दिसतात. आपण "बिघडलं वाटतं" म्हणून तोंड वाकडं करतो. पुढच्या वेळी दिसल्या तर दोन क्षण बघा. यंत्र काहीतरी सांगतंय. ते कोणाला तरी ऐकू जावं म्हणून बोडेनसेच्या काठावरच्या त्या गावात काही माणसांनी आपल्या उमेदीची वर्षं घातली आहेत.